तेल्या, दहा पानं आणि १७,०५८ अर्ज

फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपचा निकाल आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या घरीच होते. १०० पैकी ८९, पण निवड नाही. ८५ किंवा जास्त गुण असूनही निधी न मिळालेल्यांना 'सील ऑफ एक्सलन्स' देतात, तेवढं आलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती जागा, किती अर्ज?" १०,३६० अर्जांतून १,६९६ जण घेतले होते. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, हिशेब लगेच झाला. "म्हंजे सहात एक. भरतीला आपली पोरं याहून जास्त गर्दीत उभी राहतात की गं." त्या दिवशी मला फक्त या वाक्याचा आधार वाटला.

ही फेलोशिप पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी असते. माझा विषय डाळिंबावरचा तेल्या, हा जिवाणूंमुळे होणारा रोग. सांगोल्याच्या बागांतल्या मातीतून वेगळे केलेले फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, या रोगावर चालतील का, हे मला पाहायचंय.

आधी तिकडचा मार्गदर्शक मिळवावा लागतो, कारण अर्ज त्याच्या संस्थेबरोबर जातो. मी २३ ईमेल पाठवले. चार उत्तरं आली, त्यातला एक होकार.

२०२३ च्या फेरीत मला ७४.४ पडले. ७० च्या खाली गेले असते, तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता आला नसता. परीक्षकांचे शेरे मी दोन दिवस उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा पहिलाच शेरा असा होता, की रोगाचं गांभीर्य पुरेसं स्पष्ट होत नाही. मला रडू आलं, कारण सोलापूर जिल्ह्यात तेल्या म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पानावर तेलकट डाग, मग फळावर डाग, मग फळ तडकतं आणि व्यापारी बागेत पाऊलसुद्धा टाकत नाही. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्यात, पावसाच्या दमट हवेत तो जास्त पसरतो, म्हणून कितीतरी शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरतात. यातलं एक अक्षरही मी लिहिलं नव्हतं. ज्याने डाळिंबाची बाग कधी पाहिली नाही, तो माणूस माझा अर्ज वाचणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मूळ प्रस्ताव दहा पानांत बसवायचा असतो. वैज्ञानिक गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २०. प्रत्येक भागाला ५ पैकी गुण असतात, त्यामुळे गुणवत्तेत ०.१ गेला की एकूण गुणांतला एक अख्खा जातो. मी प्रयोगांची दीड पानं कापली आणि तिथे बाग आणली. २०२४ च्या फेरीत परिणामाचे गुण ३.४ वरून ४.४ झाले.

तरी ८९ पुरले नाहीत. ८९ आणि ९३ च्या प्रस्तावांत विज्ञानाचा खरा फरक असतो, असं मला वाटत नाही. इतक्या वरच्या थरात परीक्षकाचा एखादा शब्द इकडचा तिकडे होतो, आणि त्यावर कुणाची तरी दोन वर्षं ठरतात.

तिसरा अर्ज १० सप्टेंबर २०२५ ला भरला. मुदत ब्रसेल्सच्या संध्याकाळी ५ पर्यंत, म्हणजे आपल्या रात्री ८.३० पर्यंत. सातला पाऊस आला आणि वीज गेली. शेजारच्या काकूंच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला, मोबाइलचं इंटरनेट घेतलं आणि ७.५० ला अर्ज गेला. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली, तेव्हा कळलं की सकाळपासून पोटात काही नव्हतं.

नंतर आकडा कळला, १७,०५८ अर्ज. एका वर्षात सुमारे ६५ टक्के वाढ, आणि निधी ४० कोटी युरोंच्या आसपास, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा थोडा कमीच. बाबांना सांगितलं. या वेळी ते काही बोलले नाहीत, उठून माझ्यासाठी चहा टाकला.

निकाल फेब्रुवारीत आहे. आता सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेची गर्दी आहे, पण उद्या पहाटेच्या एसटीने मी सांगोल्याला निघतेय. हस्त बहाराची फळं झाडावर आहेत, आणि एका शेतकरीदादांनी दोन झाडांवर डाग दिसल्याचं कळवलंय.