लोबुचेहून खाली

रात्री २ वाजून २० मिनिटांनी दारावर थाप पडली. लोबुचेच्या लॉजमधल्या भिंती प्लायवूडच्या असतात. थाप माझ्या दारावर पडली तरी शेजारच्या तिन्ही खोल्या जाग्या झाल्या. बाहेर आमचे मुख्य गाइड, शेर्पा दाई, कपाळावर दिवा लावून उभे होते (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ, भाई म्हणजे धाकटा). "दिदी, भाइलाई सास फेर्न गाह्रो भयो," ते म्हणाले. एका पोर्टरला श्वास घेता येत नव्हता.

२०२३ चा ऑक्टोबर. नाशिक-पुण्याकडच्या चौदा जणांना घेऊन मी एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षेप आणि दुपारी बेस कॅम्प, असं ठरलेलं. लोबुचे ४,९४० मीटरवर. उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठलं होतं.

पोर्टर जेवणघरातल्या बाकांवर झोपतात, तेही ट्रेकर मंडळी उठून खोल्यांत गेल्यावर. हा भाई बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. वय बावीस. ओठ काळेजांभळे पडलेले. खोकून त्याने तोंड पुसलं तेव्हा फडक्यावर गुलाबीसर फेस दिसला. ऑक्सिमीटरवर आकडा आला ५४. त्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा ८० च्या आसपास येतो. माझ्या चौदा जणांचे आकडे मी रोज संध्याकाळी वहीत लिहायचे. त्या संध्याकाळी सगळे ७८ ते ८६ च्या मध्ये होते. वहीत पोर्टरचं नाव एकही नव्हतं.

फुप्फुसात पाणी होतंय हे कळायला डॉक्टर लागत नाही. विरळ हवेत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो आणि पाणी श्वासाच्या पिशव्यांत झिरपायला लागतं. माणूस आपल्याच छातीत बुडतो. ऑक्सिजन आणि निफेडिपिनच्या गोळीने थोडा वेळ मिळतो. खरा उपाय म्हणजे माणसाला खाली नेणं, आणि तेही लगेच.

मी गोळी दिली, सिलिंडर जोडला. आमच्याकडे सिलिंडर एकच होता. तेवढ्यात जागे झालेले दोघे-तिघे जेवणघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यातले एक काका, वय साठीच्या पुढे, हळूच म्हणाले, "मॅडम, उद्या आपल्यापैकी कुणाला लागला तर?" मला त्यांचा राग आला नाही. ते घाबरले होते, आणि सिलिंडर 'आपल्या' माणसांसाठी आहे हे मीच पुण्याच्या बैठकीत सांगितलं होतं. "काका, हासुद्धा आपल्यापैकीच आहे," एवढंच बोलले आणि काठमांडूला फोन लावला.

एजन्सीच्या माणसाने फोन उचलला. रात्री हेलिकॉप्टर उडत नाही हे मलाही माहीत होतं. उजाडल्यावर तरी मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. त्याने नाव विचारलं, यादी तपासली, म्हणाला, "विम्याच्या यादीत हे नाव नाही. हा बदली आलेला. पैसे कोण देणार ते सकाळी बघू." माझ्या चौदापैकी कुणाला हे झालं असतं तर विमा कंपनीचा नंबर, पॉलिसीचा कागद, सगळं माझ्या पाकिटात प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं होतं. इथे हेलिकॉप्टरच्या धंद्यात खोट्या रुग्णांचे मोठे घोटाळे झालेत. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत ते उघड झाले. साधी डोकेदुखी झालेल्या परदेशी ट्रेकरला उचलून न्यायचं आणि विम्याचे पैसे वाटून घ्यायचे. त्याच डोंगरात तोंडाला फेस आलेल्या पोराबद्दल 'सकाळी बघू'.

सकाळपर्यंत तो राहिला नसता. दाईंनी बाकीच्या पोर्टरांना आधीच उठवलं होतं. एकाने डोको घेऊन त्याची एक बाजू कापून काढली. डोको म्हणजे पाठीवरची वेताबांबूची निमुळती टोपली. बाजू कापली की पाय बाहेर सोडून माणूस तीत बसतो. खाली घोंगडी घातली, भाईला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून बसवलं. टोपलीचा सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर येतो. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. चौघांनी पाळीपाळीने न्यायचं ठरलं. पावणेतीनला दार उघडलं तेव्हा तोंडावर थंडीची चपराक बसली.

सुरुवातीची वाट खुंबू हिमनदीच्या कडेने जवळपास सपाट जाते. पुढे थुक्ला खिंडीत एव्हरेस्टवर मेलेल्यांच्या आठवणीत बांधलेले चोर्तेन आहेत, दगडी, पताका लावलेले. दिवसा तिथे सगळे थांबतात, टोपी काढतात, फोटो काढतात. आम्ही न थांबता पुढे गेलो. खिंडीनंतरचा उतार हा मोठमोठ्या दगडांचा नुसता ढीग आहे. मी पुढे उलटी चालत प्रकाश पाडत होते. टोपली घेतलेला मुलगा प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचा. त्याच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या मला दिसत होत्या. मागून भाईच्या श्वासाचा आवाज यायचा, हुक्का ओढल्यासारखा. आवाज थांबला की मी हाक मारायचे. तो "हजुर" म्हणायचा. इतकं झाल्यावरही हजुर.

थुक्लाला सिलिंडरचा काटा खाली आला होता. ओठांचा रंग मात्र जरा बदलला होता, म्हणजे उतरल्याचा गुण येत होता. पुलापलीकडे फेरिचेचं रुंद खोरं लागलं आणि पोर्टर जवळजवळ पळत सुटले. सव्वासहाला आम्ही हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्याच्या दारात होतो.

हे केंद्र १९७३ पासून आहे. वसंत आणि शरद अशा दोन हंगामांत इथे स्वयंसेवक डॉक्टर असतात. नेपाळी रुग्णाकडून नाममात्र पैसे घेतात. रोज दुपारी तीनला ते उंचीच्या आजारांवर भाषण देतात. दोनच दिवसांपूर्वी दिंगबोचेहून टेकडी ओलांडून मी माझ्या ग्रुपला त्या भाषणाला आणलं होतं. भाषण इंग्रजीत असतं आणि त्या वेळी पोर्टर सरपण, पाणी, पुढच्या मुक्कामाची जागा अशा कामांत असतात. ज्याला ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती तो त्याच दुपारी आमच्यापर्यंत पोचायला धावत होता.

डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला, मान हलवली आणि ऑक्सिजन सुरू केला. मग बोटं मोजत विचारलं, याने लुक्ला (विमानतळाचं गाव, जिथून चाल सुरू होते) कधी सोडलं?

हिशोब माझ्याच तोंडून निघाला. चौथ्या दिवशी तेंगबोचेला आमच्या एका पोर्टरचा गुडघा गेला. दोन माणसांच्या दोन बॅगा मिळून त्याच्या पाठीवर ३५ किलोच्या वर भार होता. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, एका पोर्टरमागे साधारण ३० किलो धरतात. आम्ही माणशी १२ किलो सांगितलं होतं; आल्या त्या १७-१८ किलोच्या बॅगा. चिवडा, लाडू, भाजणी, तयार पोह्यांची पाकिटं, तीन-तीन जोडी बूट. रामेछापच्या विमानतळावर काट्यावर वजन जास्त भरलं, लोकांनी जास्तीच्या किलोचे पैसे भरले आणि पैसे भरले की वजन मिटलं असं सगळ्यांना वाटलं. मलासुद्धा. गुडघा गेल्यावर मी फोन करून लुक्लाहून बदली पोर्टर मागवला. 'लवकर पाठवा' हे शब्दही माझेच. त्याने पहिली रात्र नामचेत काढली, ३,४४० मीटरवर. दुसरी आमच्याबरोबर दिंगबोचेत, ४,४१० वर. तिसरी लोबुचेत. तीन दिवसांत सुमारे २,१०० मीटर चढला होता, पाठीवर ओझं घेऊन. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हे मी दर बैठकीत फळ्यावर लिहून दाखवते.

लोकांना वाटतं पोर्टर डोंगरातलेच, त्यांना काय होणार. खुंबूतले शेर्पा पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिलेले. त्यांच्या शरीराची घडणच वेगळी. पण आता त्यांच्यातले बरेच जण लॉज चालवतात, गाइड आहेत, शिखरांवर जातात. ओझी वाहतात ती खालच्या जिल्ह्यांतून आलेली राई, तामांग, मगर मुलं. हा भाई ओखलढुंग्याचा, मका-कोदोच्या (नाचणीच्या) शेतीतला. उंची त्याला तशीच लागते जशी नाशिकच्या माणसाला.

नऊ वाजता ऑक्सिमीटरवर ८६ आलं. माझ्या जिवात जीव आला. त्याने मास्क बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. "दिदी," तो म्हणाला, "आजको ज्याला काट्नुहुन्छ?" आजची मजुरी कापणार का?

मी नाही म्हणाले आणि बाहेर येऊन दगडी बांधावर बसले. समोर तवोचे शिखर उन्हात चमकत होतं. त्या मार्गावर वर्षाला ५० हजारांहून जास्त परदेशी येतात. नेपाळला डोंगरातून पैसा मिळतो, खूप मिळतो, आणि मी या धंद्याच्या विरुद्ध नाही. माझं घर त्यावर चालतं. पण आमच्या बाजूला महाराष्ट्रात ट्रेक विकणाऱ्यांची जी चढाओढ आहे तिच्यात माणशी दोन-अडीच हजार कमी करायचे म्हटलं की विमान कमी होत नाही, परवाने कमी होत नाहीत, लॉजचं जेवण कमी होत नाही. कमी होतो तो एक पोर्टर. मीही ते केलं होतं. काठमांडूच्या एजन्सीशी घासाघीस करून मी तो जिंकलेला सौदा मानला होता.

दुपारी त्याला बोलतं केलं. गाइडचा परवाना काढायचा आहे, पण इंग्रजी कच्चं. घरी आई, दोन बहिणी. तो म्हणाला, आमच्या बाजूला कुणी येत नाही. हे खरंच आहे. लुक्लाची धावपट्टी हिलरींनी १९६४ साली शाळा-दवाखान्यांचं सामान आणायला करून घेतली. पुढे बहुतेक ट्रेकर विमानानेच येऊ लागले आणि जिरीवरून चालत येण्याची जुनी वाट, भंडार, जुनबेसी, त्या गावांतली वर्दळ ओसरली. त्याच वाटेजवळच्या सोलू भागात पिके पीक नावाचं शिखर आहे, ४,०६५ मीटर. स्वच्छ सकाळी तिथून एव्हरेस्ट दिसतो. आता काठमांडूहून जीपने पायथ्यापर्यंत जाता येतं. रात्रीचा मुक्काम इतक्या उंचीवर नाही, लुक्लाच्या धुक्यात अडकणं नाही, हेलिकॉप्टरची वाट पाहणं नाही. पहिल्यांदाच हिमालयात येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या लोकांना मी आता आधी तेच सुचवते. अर्धे जण नाक मुरडतात. त्यांना 'बेस कॅम्प' हे दोन शब्द फोटोखाली हवे असतात. जे येतात ते त्या गावांत राहतात, तिथलंच जेवतात आणि पैसे तिथेच राहतात. गेल्या वसंतात आमच्या नऊ जणांच्या तुकडीबरोबर हाच भाई सहायक गाइड म्हणून होता.

बेस कॅम्पच्या ट्रेकही मी करते. बॅगा आता पुण्यातच काट्यावर चढतात, १२ किलोच्या वरचं सामान घरी परत. लाडवाचा डबा काढून ठेवताना एका काकूंनी मला चांगलंच सुनावलं होतं. पोर्टरांचे आकडे वहीत येतात, झोपायला त्यांना गादी असते, आणि विम्याच्या यादीत नाव चढल्याशिवाय कुणी ओझं उचलत नाही. मागच्या ऑक्टोबरात पुन्हा एक बदली पोर्टर लागला. तो लुक्लाहून आला, नामचेत त्याला दोन रात्री थांबवायचं होतं आणि काठमांडूहून कागद येईना. ग्रुपमधल्या दोघांनी वेळापत्रक बिघडतंय म्हणून तक्रार केली. आम्ही तो दिवस नामचेतच काढला.