पैसे कुणाचे?

स्मरणिकेसाठी लिहाल का, असं विचारताना संपादक मंडळाने ‘शाळेने दिलेले संस्कार’ हा विषय सुचवला होता. संस्कारांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी आमच्या वर्गाच्या बँकेवर लिहितो. पोटापाण्यासाठी मी आज दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आणि या कामाचे पहिले धडे मला कुठल्या महाविद्यालयात नव्हे, सातवीच्या वर्गात मिळाले.

बँक म्हणजे पत्र्याची एक पेटी, एक रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), एक खतावणी (प्रत्येकाच्या खात्याची वही) आणि ज्याचं त्याने आखलेलं पासबुक. अध्यक्ष, खजिनदार, दोन कारकून आणि एक तपासनीस, सगळे आमच्यातलेच, वर्गाने मतदान करून निवडलेले. सत्र बदललं की माणसं बदलायची. पेटीला दोन कुलपं होती. एकाची किल्ली खजिनदाराकडे, दुसऱ्याची बाईंकडे. ‘बाई, आमच्यावर विश्वास नाही का?’ असं एकाने जरा रागानेच विचारलं. बाई म्हणाल्या, ‘आणि माझ्यावर तरी का ठेवायचा?’ एवढ्यावर विषय संपला. खऱ्या बँकांच्या तिजोऱ्याही दोन किल्ल्यांवर चालतात, हे मला नोकरीत कळलं तेव्हा नवल वाटलं नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला ताळमेळ. रोकड मोजायची, वहीशी लावायची, आणि जुळत नसेल तर शोधायचं. तिथे बाईंनी शिकवलेली एक युक्ती मी अजून वापरतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याची शक्यता मोठी. ५४ च्या जागी ४५ लिहिलं की फरक ९. ८२ च्या जागी २८, तर ५४. हे असं का होतं ते आम्ही नंतर बीजगणितात सिद्ध केलं. एरवी बीजगणिताशी माझं फारसं जमलं नाही, पण त्या दिवशी जमलं.

मला सविस्तर सांगायचंय ते मात्र एका भांडणाबद्दल.

पैसे काढायच्या अर्जावर आम्ही ‘कारण’ असा रकाना ठेवला होता. मोठ्यांच्या अर्जांवर असतो, म्हणून. एका मुलाने खात्यातली सगळी शिल्लक मागितली आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘मला हवेत.’ कारकुनाने अर्ज परत केला. मुलगा हटेना. प्रकरण वर्गसभेत आलं. निम्म्या वर्गाचं म्हणणं, बँक बचतीसाठी आहे, कुणी असं सगळं काढून उडवायला लागलं तर बँक कशाला काढली? बाकीच्यांना त्या मुलाची दया येत होती, पण मुद्दा सुचत नव्हता. सभेच्या वेळी बाई मागच्या बाकावर बसायच्या आणि बोलायचं असेल तर हात वर करायच्या. अध्यक्षाने परवानगी दिली तरच बोलायच्या. त्यांनी हात वर केला आणि दोनच शब्द विचारले, ‘पैसे कुणाचे?’

मग वादाची दिशाच बदलली. पैसे त्याचे, तर आम्ही विचारणारे कोण? ठेव म्हणजे त्याने आम्हाला दिलेली भेट नाही, आम्ही त्याचं देणं लागतो. मोठ्या मोठ्या संस्थांच्या संचालकांना हे उमगलेलं नसतं, हे मी कागदपत्रं पाहून सांगतो. रकाना ऐच्छिक करायचा, एवढंच ठरवून आम्ही उठणार होतो. तेवढ्यात एक अबोल मुलगी म्हणाली, ‘आणि त्याच्याकडून कुणी पैसे काढून घेत असेल तर?’

खरंच, लहान मुलाचे पैसे मोठी मुलं हिसकावतात, कधी घरातलंच कुणी मागतं. अशा वेळी ‘त्याचे पैसे, त्याची मर्जी’ म्हणणं म्हणजे हात झटकणं. पण चौकशी करायची तर पुन्हा नाक खुपसणं आलंच. आम्ही तो अख्खा तास भांडत होतो. शेवटी ठरलं ते असं: कारण सांगायची सक्ती नाही. मोठी रक्कम काढायची असेल तर खजिनदाराने बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारायचा, ‘हे तुला स्वतःलाच हवेत ना?’ ‘हो’ म्हटलं तर पुढे काही न विचारता पैसे द्यायचे. पण कुणी जबरदस्ती करतंय असं दिसलं तर तो विषय सभेत आणायचा नाही, थेट बाईंना सांगायचं. या नियमात ठेवीदाराचा हक्क आहे, गुप्तता आहे आणि संरक्षणही आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी तो केला. पाठ्यपुस्तकात ‘हक्क आणि कर्तव्ये’ हा धडा होता. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही.

(ज्याने पैसे काढले, त्याने त्यांचं काय केलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. कळायला नको होतं, हेच तर ठरलं होतं.)

दुसरा प्रसंग थोडक्यात सांगतो. उत्साही कारकुनांनी भिंतीवर तक्ता लावला: कुणाची किती बचत, नावानिशी, वरून खाली. काही दिवसांत तळाशी नाव असलेल्या एकीने खातं बंद करायचा अर्ज दिला. यावर वाद झालाच नाही, तक्ता त्याच दिवशी उतरला. त्या जागी फक्त वर्गाची एकूण रक्कम लिहिली जाऊ लागली. शिवाय बँकेत पैशांखेरीज आणखीही काही जमा करायची सोय झाली: जुन्या वह्यांमधली कोरी पानं. ती शिवून कच्च्या कामाच्या वह्या व्हायच्या आणि त्यांची वेगळी नोंदवही होती. त्या नोंदवहीत खातं बंद करायला आलेली ती मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. पुढच्या सत्रात ती खजिनदार झाली.

मी तपासनीस असताना शाळेच्या जत्रेत माझ्याच गटाने कागदी पाकिटं विकली आणि भरघोस नफा जाहीर केला. कागद घरून फुकट आणला होता, म्हणून खर्चाच्या बाजूला तो धरलाच नव्हता. मी तो धरायला लावला. नफा निम्म्याहून कमी झाला आणि ‘तू आमच्या गटाचा आहेस की बँकेचा?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. नोकरीत तो जरा सभ्य शब्दांत विचारतात.

तेव्हा वाटायचं, हे सगळं बाईंच्याच डोक्यातून आलंय. पुढे वाचनात आलं की शाळेतल्या बचतीची कल्पना जुनी आहे. बेल्जियममधल्या घेंट शहरात फ्रांस्वा लोराँ या कायद्याच्या प्राध्यापकाने १८६६ च्या सुमारास ती जोमाने रुजवली. १९२४ मध्ये मिलानला भरलेल्या बचत बँकांच्या परिषदेत ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरला. पण त्या जुन्या पद्धतीत नाणी गोळा करायचे शिक्षक. मुलांच्या वाट्याला फक्त काटकसरीचा उपदेश यायचा. कारभारच मुलांच्या हाती देण्याची आणि पैशांचे धडे हक्कांच्या धड्यांशी जोडण्याची वाट ज्यांनी धरली, त्यांत जेरू बिलिमोरिया यांचं काम ठळक आहे. १९९१ मध्ये मुंबईत त्यांची ‘मेळजोळ’ संस्था सुरू झाली आणि त्या अनुभवातून २००५ मध्ये ॲम्स्टरडॅमहून ‘अफलातून’ हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला.

या कार्यक्रमाची घानातल्या १३५ शाळांमध्ये तपासणी झाली. काही शाळांत पैसे आणि सामाजिक जाण असे दोन्ही धडे, काहींत फक्त पैशांचे, काहींत काहीच नाही. शाळेतली बचत धडे दिलेल्या दोन्ही प्रकारच्या शाळांत वाढली. मात्र मुलांच्या एकूण बचतीत ठोस वाढ दिसली नाही, ज्ञानात आणि वृत्तीतही फारसा फरक पडला नाही. हे वाचून मी थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. पण त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण होतं: जिथे फक्त पैशांचे धडे दिले, तिथली मुलं कमाईसाठी जास्त काम करू लागल्याची चिन्हं दिसली. नुसतं बचत कर, बचत कर म्हणत राहिलं तर मूल मजुरीलाही जाऊ शकतं. नुसते पैसे पाहून चालत नाही, त्यामागे मुलाचं काय चाललंय तेही पाहावं लागतं, या आमच्या सभेतल्या त्या अबोल मुलीच्या शंकेला एवढ्या लांबून दुजोरा मिळाला.

म्हणून हल्ली ‘आर्थिक साक्षरता’ म्हणून ज्या प्रश्नमंजूषा आणि घोषवाक्य स्पर्धा होतात, त्यांना परीक्षक म्हणून जाणं मी टाळतो. चक्रवाढ व्याजाचं सूत्र बरोबर लिहिणाऱ्या मुलाला बक्षीस द्यायला माझी हरकत नाही. पण त्याच्या हातात चार जणांचे पैसे दिल्यावर तो कसा वागेल, याचा त्या उत्तरपत्रिकेवरून काही पत्ता लागत नाही.

आपल्या शाळेत वर्गाची बँक पुन्हा सुरू करायचा विचार आहे असं ऐकतो. तशी ती झालीच, तर पहिल्या वर्षाची हिशेबतपासणी मी विनामूल्य करून देईन. दोनच अटी आहेत. माझा अहवाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर न जाता मुलांच्या सभेत वाचला जावा, आणि त्यावरचे प्रश्न मुलांनी मलाच उभं करून विचारावेत.