आक्काची वारी मालगुंडपर्यंत

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळं साधारण २५ किलोमीटर. अंगारकीला पहाटेच्या अंधारात निघायचं आणि उन्हं चढायच्या आत वारेचा चढ मागे टाकायचा, हा आमच्या पायी वारीचा रिवाज. तो घालून दिला माझ्या आत्यानं. तिला सगळे आक्का म्हणायचे. ती गेल्यानंतरची पहिली अंगारकी थंडीत आली आणि आम्ही घरचे नि तिची माणसं मिळून निघालो. तिच्या माणसांतली निम्मी आमच्या नात्यातली नाहीत.

शिरगाव मागे पडलं, साखरतरच्या पुलावर खाडीचा गार वारा अंगावर आला. तिथल्या एका घरी आक्काचा चहा ठरलेला. चाचींनी यंदाही दार उघडं ठेवलं होतं. "ती असती तर साखर कमी म्हणून आधी भांडली असती," म्हणाल्या आणि पदराआड रडायला लागल्या. आक्काचा स्वभाव ज्यानं त्यानं असाच आठवावा.

आक्का गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. भाद्रपदाच्या आधी ती घरी फक्त झोपायला यायची. आम्ही मुलं तिच्या शेजारी बसायचो, पण ब्रश मूर्तीला टेकला की बोलायचं नाही. आधी वरच्या पापणीची रेघ, एका दमात, मध्ये श्वास न घेता. मग खालची. मग बुबुळ. सगळ्यात शेवटी त्या काळ्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत समोर शाडूची माती असायची आणि पडला की गणपती आपल्याकडे बघायला लागायचा. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला.

आक्काचे यजमान, आमचे काका, लवकर गेले. त्या वर्षी कारखान्यात कुणीतरी कुजबुजलं की आता हिनं मूर्तीला हात लावणं बरं नव्हे. आक्कानं ब्रश खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "त्याला डोळे मी देते. मग त्यानं कुणाकडे बघायचं नि कुणाकडे नाही, ते तुम्ही ठरवणार?" कुणी उत्तर दिलं नाही. तिनं ब्रश उचलला. त्याच अंगारकीला ती केसात अबोलीचा वळेसर माळून वारीला निघाली.

आरेच्या पुढे उजाडलं. वारेच्या चढावर डावीकडे खाली समुद्र आणि उजवीकडून मोहोराचा वास. इथे आक्का नेहमी थांबायची, पिशवीतून उकडलेली रताळी काढायची आणि गोळ्या-औषधं चालू असलेल्या प्रत्येकाला जबरदस्तीनं खायला घालायची. दिवसभर उपाशी चालून कुणाला भोवळ आली तर देवाला काय तोंड दाखवू, म्हणायची.

मोहोराच्या दिवसांत आमच्याकडच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. असंच एक जोडपं आमच्या शेजारच्या बागेत खोपटात राहायचं. बाईला रात्री कळा सुरू झाल्या. आक्का तिला रिक्षात घालून एका दवाखान्यात घेऊन गेली, तर तिथे कागदपत्रं नाहीत म्हणून बाकड्यावर बसवून ठेवलं. आक्का दारातच उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की वरच्या मजल्यावरचे पेशंट खाली आले. मुलगी सुखरूप झाली. ती पुढे आमच्याच पडवीत आक्काचे रंग कालवत मोठी झाली, आणि यंदा माझ्या शेजारी चालत होती.

दिवसकार्याला आलेले कितीतरी जण म्हणाले, मनानं चांगली होती, पण तोंडानं फटकळ. मला हे पटत नाही. आक्काची जीभ स्वतःसाठी चाललेली मी कधी ऐकली नाही. समोर कुणीतरी बाकड्यावर ताटकळत असल्याशिवाय ती चिडायचीच नाही. तिची माया आणि तिचा फटकळपणा वेगळे काढायला गेलं तर आक्का उरणारच नाही.

नेवरे, भंडारपुळे, मग पुळे. दर्शनाची रांग लांब होती. दर्शन झाल्यावर आम्ही डोंगराला प्रदक्षिणा घातली, कारण इथे डोंगरच देव.

बाकीच्यांची वारी इथे संपते. आक्काची मालगुंडला संपायची. १८६६ साली केशवसुत तिथे जन्मले, आणि त्यांचं स्मारक १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते खुलं झालं तेव्हापासून आक्कानं हा पुढचा टप्पा जोडला. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ती ओव्या लिहायची आणि स्मारकाच्या पायरीवर बसून आम्हाला ऐकवायची. यंदा त्यातली चार पानं मी वाचली. आवाज फुटत नव्हता, तरी वाचली.

वाचून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "ताई, मी आता कारखान्यात आखणी करते. माघी गणपतीचं काम चालूये. मूर्तीमागे पोरांना जास्त देतात, मला कमी. विचारायला धीर होत नाही."

येत्या रविवारी आम्ही दोघी कारखान्यात जाणार आहोत. चाचींनाही यायचंय.