बारा गावचं पाणी

रात्री झोप लागेना की मी एखादी संख्या धरतो आणि तिचा पाया, म्हणजे ती कितीकितीच्या जुड्यांनी मोजायची ते, बदलत बसतो. याला दिवा लागत नाही, वही लागत नाही. परवा हाती बारा आला.

बारा हा हर्षद. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलेलं हे नाव, अर्थ 'हर्ष देणारा'. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पुरता भाग गेला की ती हर्षद. एक आणि दोन तीन, तिनानं बाराला भाग जातो. झाला हर्ष.

पण हे अंक तरी कुठले? आपण दहादहाच्या जुड्या बांधतो म्हणून आलेले. पाचापाचाच्या बांधल्या तर दोन जुड्या नि दोन सुटे, म्हणजे '22'. बेरीज चार, भाग जातो. सातात '15', बेरीज सहा, जातो. द्विमानात, म्हणजे दोनाच्या पायात, '1100', बेरीज दोन, प्रश्नच नाही. गडी बारा गावचं पाणी प्यालेला दिसतोय, कुठेही सोडा, जमवून घेतो, असं म्हणत मी कूस बदलली आणि आठाशी गाठ पडली. आठाची एक जुडी, सुटे चार, '14'. बेरीज पाच. पाचानं बाराला भाग? छे!

उरलेले पाया चाचपले. तीन, चार, सहा, नऊ, अकरा, सगळीकडे ठीक. तेरापासून पुढे बाराची जुडीच बांधता येत नाही, तो एकटाच एक अंक होतो आणि स्वतःनं स्वतःला भाग जातोच. म्हणजे अख्ख्या मुलखात मान आणि एकट्या आठात फजिती. कुठल्याही पायात न हुकणाऱ्या संख्या चारच: 1, 2, 4 आणि 6. बाराचं नाव त्या यादीतून एका आठापायी गेलं, याची मला खरंच चुटपुट लागली. दोन सोडला तर मूळ संख्यांना ही उठाठेवच नको. अकराचा पाया अकराहून लहान असेपर्यंत तो हर्षद होत नाही, हट्टाला पेटल्यासारखा.

मग म्हटलं, तऱ्हेवाईक पाया घेऊ. उणे दोन! व्हित्तोरियो ग्रुनवाल्ड यांनी 1885 मध्येच ऋण पायाची मांडणी केली होती. यात उणे एक लिहायला उण्याची खूण लागत नाही, '11' लिहिलं की झालं: उणे दोन अधिक एक. बारा म्हणजे सोळा, उणे आठ, अधिक चार, '11100'. बेरीज तीन. जमलं!

त्याहून विचित्र पाया सुवर्ण गुणोत्तराचा, 1.618 आणि पुढे न संपणारी शेपटी. 1957 साली जॉर्ज बर्गमन या शाळकरी पोरानं तो मांडला. असल्या पायात पूर्णांकाचं काय होणार, असं वाटतं. पण बारा तिथे '100000.101001' असा निमूटपणे संपतो. चार एक, बेरीज चार. इथेही भाग जातो. (हे मात्र अंधारात जमलं नाही, उठून कागद घ्यावा लागला.)

कागद हाताशी होताच, म्हणून चोवीसही करून पाहिला. आठात '30', बिनघोर. तेरापर्यंत एकदाही अडखळला नाही. चौदात एक जुडी, सुटे दहा. बेरीज अकरा.