‘वन कट ऑफ द डेड’ची वही : डावी बाजू पूर्ण, उजवी भरत आली

मंडळी, ‘वन कट ऑफ द डेड’ हा जपानी विनोदी झोंबीपट ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी कृपया इथेच थांबा. पुढे सगळं फोडलेलं आहे आणि हा चित्रपट काहीही माहीत नसतानाच पाहायला हवा.

बाकीच्यांसाठी प्रगती अशी. पहिला भाग म्हणजे कथेतल्या चमूने थेट प्रक्षेपणात केलेला झोंबीपट आणि पुढचा भाग म्हणजे तो करताना कॅमेऱ्यामागे काय काय घडलं ते. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली आहे. डावीकडे ‘खटकलं’, उजवीकडे ‘कारण’. सुरुवातीच्या सलग 37 मिनिटांच्या एका टेकमध्ये जे जे विचित्र वाटतं ते डावीकडे लिहायचं आणि पुढच्या तासाभरात त्याचा उलगडा झाला की समोर उजवीकडे टिपायचं. डावी बाजू आता पूर्ण झाली. उजवीकडे थोड्याच जागा रिकाम्या आहेत.

या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो छंदांच्या गप्पांवर. आठवतंय ना? पाणी शुद्धीकरणाच्या ओसाड प्रकल्पात शूटिंग चाललंय, दिग्दर्शक चिडून निघून गेलाय आणि नायिका, नायक आणि मेकअपवाली बाई तिघं उरलेत. कुणीतरी विचारतं, छंद काय तुमचा? बाई म्हणते, स्वसंरक्षण. मागून कुणी धरलं तर कसं सुटायचं याचं प्रात्यक्षिकही होतं. मग शांतता. मग पुन्हा काहीतरी फुटकळ प्रश्न. पहिल्यांदा पाहताना वाटतं की संवाद लिहिणाऱ्याला काही सुचलेलंच नाही. उजव्या रकान्यातलं कारण असं, की झोंबी होऊन यायचा नट दारू पिऊन आडवा झालाय, त्याला उभं करेपर्यंत वेळ काढा असा इशारा कॅमेऱ्यामागून मिळालाय आणि प्रक्षेपण थेट चालू आहे. हे कळल्यावर तोच प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त तिघांचे डोळे बघा. ते कॅमेऱ्याच्या बाजूला किंचित सरकतात आणि परत येतात. नायिका झालेल्या युझुकी आकियामाने ती नजर इतकी बारीक ठेवली आहे, की पहिल्या वेळी ती ओशाळलेपणाचीच वाटते.

पुढच्या जोड्या भराभर लागल्या. साउंडवाला मध्येच उठून बाहेर पळायला बघतो, कारण त्याचं पोट बिघडलंय. त्याला क्षारांचं जड पाणी चालत नाही हे त्याने आधीच कळवलेलं असतं, ते कुणी मनावर घेतलेलं नसतं. कॅमेरा जमिनीवर पडून बराच वेळ आडवाच राहतो, कारण कॅमेरामनची कंबर धरली. तो उचलल्यावर अचानक झूम आत-बाहेर व्हायला लागतो, कारण आता तो कॅमेरामनच्या मदतनीस मुलीच्या हातात आहे आणि तिला कधीपासून असंच शूट करायचं होतं! शेवटाला नायिकेचं किंचाळणं संपता संपत नाही, त्याचंही कारण पुढे येतंच.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती पहिल्याच काही मिनिटांतली जोडी. दिग्दर्शक नायिकेवर ओरडतो, तुझा अभिनय खोटा आहे, तूच खोटी आहेस. मग नायकालाही सोडत नाही, थेट थोबाडीत देतो. डावीकडे मी लिहिलं होतं, ‘भडक’. दुसऱ्या भागात हाच माणूस, म्हणजे या झोंबीपटाचा खरा दिग्दर्शक हिगुराशी, ‘झटपट, स्वस्त आणि बऱ्यापैकी’ एवढीच स्वतःची ओळख सांगणारा गरीब माणूस निघतो. तालमीत नटी एकेक गोष्ट गोड बोलून टाळते, नट शंका काढत बसतो आणि हा सगळं गिळून मान हलवत राहतो. ऐनवेळी दिग्दर्शकाची भूमिका करणारा नट येऊ शकत नाही आणि हा स्वतःच उभा राहतो. तेव्हा जे बाहेर पडतं ते संहितेतलं नसतंच. हिगुराशी झालेल्या ताकायुकी हामात्सुचा चेहरा दोन्ही वेळा तोच आहे, पण दुसऱ्यांदा पाहताना मी आधी हसलो आणि लगेच घशाशी आलं.

या चित्रपटाची मोहिनी माझ्या मते इथेच आहे. इथे आपण झोंबींना हसत नाही. हाती घेतलेलं काम पडू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसांवर आपला जीव जडतो आणि त्या जीव जडण्यातून हसू येतं. कॉलेजात एकांकिकांना बॅकस्टेज केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. तिसरी घंटा झाली की प्रयोग थांबत नाही, मग विंगेत काहीही होवो. जपानी नावाचा अर्थही तोच, ‘कॅमेरा थांबवू नका!’

आणि हे या चित्रपटाचा दिग्दर्शक शिनइचिरो उएदा याच्या चमूलाही तंतोतंत लागू पडतं. 2017 चा हा चित्रपट सुमारे 30 लाख येनांत, एका कार्यशाळेतल्या अनोळखी नटांना घेऊन केलेला. जून 2018 मध्ये टोकियोतल्या दोन थिएटरांत लागला आणि तोंडी प्रसिद्धीवर जपानभर पसरत 300 कोटी येनांच्या वर गेला. श्रेयनामावलीत खरा चमू कॅमेऱ्यासोबत धावताना दिसतो, तो भाग कृपया बंद करू नका. माझ्या वहीत त्याला वेगळं पान दिलंय, कारण तिथे कथेतला चमू आणि खरा चमू यांच्यातली रेघच पुसली जाते.

मानवी मनोऱ्याबद्दल गेल्या वेळी विचारणा झाली होती. क्रेन मोडल्यावर वरून घ्यायच्या शेवटच्या शॉटसाठी सगळे एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि मनोरा उभा राहीपर्यंत नायिका आणि झोंबी झालेला नायक प्रसंग ताणत राहतात. किंचाळण्याचं कारण ते हेच. आता तो शॉट पहिल्या भागात नीट पाहा. कॅमेरा वर चढताना हलतो, थरथरतो. मनोऱ्याच्या टोकाला हिगुराशीच्या खांद्यावर त्याची मुलगी आहे आणि संहितेत चिकटवलेल्या जुन्या फोटोतही ती तशीच बसलेली आहे. हातात कॅमेरा तेव्हाही होता. ही जोडी मी लाल शाईने लिहिली आहे.

आता तिसरा रकाना आखतोय. मिशेल हाझानाविशियसने केलेलं फ्रेंच रूप 2022 च्या कान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होतं. निर्मातीच्या भूमिकेत मूळ चित्रपटातलीच योशिको ताकेहारा आहे. छंदांच्या गप्पा तिथे किती ताणल्या आहेत ते सेकंद लावून बघणार आहे. कुणी आधीच मोजलं असेल तर आकडा कळवा, म्हणजे दोघांचे ताडून बघता येतील.