सल्ला बंद!

आज बडोद्यात, अलकापुरीत दिवसभर वर्कशॉप. कंपन्यांत बदल घडवता घडवता केस पिकलेल्यांसाठीचं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनचं बदलाचं १९४७चं सूत्र 'वितळवा, बदला, गोठवा' (जुनी पद्धत सैल करा, बदला, नवी पक्की करा) सगळ्यांना पाठ, म्हणून कोचबाईंनी स्लाइड लावलीच नाही. जोड्या केल्या. एकाने अडलेली केस सांगायची, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे. थोड्याच वेळात निम्मे जण 'त्यापेक्षा असं करा ना'वर घसरले. (मराठी माणूस आणि फुकट सल्ला, असो.)

जेवताना विषय अर्थातच सयाजीरावांवर. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये आधी अमरेलीत करून पाहिलं, मग १९०६मध्ये सगळ्या संस्थानात. तेरा वर्षं! आमचे क्लायंट तेरा आठवडे देत नाहीत.

माझ्या जोडीतल्या काकांनी एवढंच विचारलं, "या बदलात कोणाचं काय जातंय?" सोमवारी प्लांटच्या सुपरवायझरांना हेच विचारणार आहे.