सुमी आणि चिंगी: वयस्क चिंचिलाला नवी सोबत देताना

नागपुरात दोन चिंचिलांची एकमेकींशी ओळख करून द्यायची असेल, तर ती डिसेंबर-जानेवारीतच करावी, असे माझे ठाम मत आहे. चिंचिला हा लहान, कुरतडणारा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या अँडीज पर्वतातला. तिथल्या कोरड्या, थंड हवेसाठी त्याच्या एकेका रोमछिद्रातून पन्नासाहून अधिक केस उगवतात, आणि त्या दाट लोकरीमुळेच पंचवीस अंश सेल्सियसच्या वर पारा गेला की त्याला उष्माघाताची भीती निर्माण होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. त्या दिवसांत चिंचिलांची खोली एसीवर चालते आणि वीज गेली तर घरातला इन्व्हर्टर एसीचा भार सहसा पेलत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भातल्या माणसांना कितीही सुखाचा वाटला, तरी तो हवेत ओलावा सोडतो आणि ओलावा हा या लोकरीचा शत्रू आहे. अशा काळात, आधीच ताणाखाली असलेल्या प्राण्यांसमोर अनोळखी प्राणी आणून उभा करणे म्हणजे त्यांची पळापळ, धाप आणि शरीराची उष्णता वाढवणे होय. थंडीत निदान तो एक धोका तरी उरत नाही.

माझी चिंचिला सुमी नऊ वर्षांची आहे. चिंचिला नीट सांभाळली तर दहा वर्षे सहज जगते आणि काही वीस वर्षांपर्यंतही पोहोचतात, त्यामुळे नऊ वर्षांच्या सुमीला म्हातारी म्हणून एकटी सोडून देणे मला पटत नव्हते. तिच्याबरोबर वाढलेली तिची बहीण गेल्यावर सुमीचे खाणे सुटले नाही. मात्र रात्रीच्या उड्या मंदावल्या आणि ती फळीच्या एकाच कोपऱ्यात बसून राहू लागली. रानातल्या चिंचिला खडकांच्या कपारींत समूहाने राहतात. आज जगभर घरांत पाळल्या जाणाऱ्या चिंचिला बहुतांशी 1923 मध्ये मथायस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने चिलीहून कॅलिफोर्नियाला नेलेल्या अकरा चिंचिलांच्या वंशातल्या मानल्या जातात, आणि इतक्या पिढ्या पिंजऱ्यात काढूनही त्यांची सोबतीची गरज संपलेली नाही. आमच्या सासूबाईंना मात्र हा विचार रुचला नव्हता. "तिले तिचं घर हाय, काहून दुसरी आणून भांडन लावतं?" असे त्यांनी विचारले होते, आणि तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कपारीत न पटल्यास पळून जाता येते, पिंजऱ्यात येत नाही. म्हणून मी मनाशी ठरवले की वेग सुमी ठरवेल. तिने नकार दिला तर दोघी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत जन्मभर राहतील आणि तीही सोबतच असेल.

नवी सोबतीण चिंगी घरी आली तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची, सुमीच्या निम्म्याहून कमी वजनाची होती. आईचे दूध साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुटते. त्याआधी पिल्लू आणू नये. लहान वयाचा एक फायदा असा की पिल्लू मोठीच्या जागेवर हक्क सांगत नाही, आणि तोटा असा की एका चाव्यातही त्याचा जीव जाऊ शकतो. लिंगाची खात्री पशुवैद्यांकडून करून घेणे इथे अत्यावश्यक ठरते, कारण मादीचा मूत्रमार्गाचा उंचवटा इतका ठळक असतो की नवख्या माणसाला ती नर वाटते. नर-मादी एकत्र आल्यास सुमारे 111 दिवसांनी पिल्ले होतात आणि प्रसूतीनंतर लगेचच मादी पुन्हा गाभण राहू शकते; वयस्क मादीवर हे ओझे टाकणे मला क्रूरपणाचे वाटते. नागपुरात पशुवैद्य भरपूर आहेत, सेमिनरी हिल्सला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे, तरीही कुठेही जाण्याआधी असे लहान कुरतडणारे प्राणी तिथे तपासले जातात का, हे विचारून घ्यावे. तपासणीनंतरही पहिले काही आठवडे चिंगी वेगळ्या खोलीत होती. बुरशीचा नायटा किंवा आतड्यातले जंतू नव्या प्राण्याबरोबर गुपचूप येतात, म्हणून सुमीचे काम आधी उरकायचे, मग चिंगीचे, आणि मध्ये हात साबणाने धुवायचे, हा क्रम मी कधी मोडला नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते बरेचसे नाकाचे असते. दोन्ही पिंजरे एकाच खोलीत आणले, पण गजांमधून दात पोहोचणार नाहीत इतके अंतर राखले, कारण गजाबाहेर आलेले बोट चावून तुटल्याच्या घटना अनेक पाळणाऱ्यांना ठाऊक आहेत. सुमीने पहिल्याच रात्री मागच्या पायांवर उभे राहून लघवीची धार सोडली. चिंचिलाच्या मादीची नापसंती सांगण्याची ही पद्धत आहे आणि तिचा राग येण्याचे कारण नाही. पुढे मी दोघींच्या जागा बदलू लागले: सुमी चिंगीच्या पिंजऱ्यात, चिंगी सुमीच्या. धुळीच्या आंघोळीचे भांडेही एकच ठेवले. चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाही, ती अतिशय बारीक धुळीत लोळून अंगातले तेल आणि ओल काढते (साधी वाळू इथे चालत नाही, तिच्या जाड कणांनी लोकर खराब होते), आणि एकीनंतर दुसरी त्याच धुळीत लोळली की दोघींच्या अंगाला एकमेकींचा वास लागतो. सुमी चिंगीच्या पिंजऱ्यात गेल्यावर कोपरे हुंगत फिरायची थांबली आणि तिथल्याच घरट्यात पाय पोटाशी घेऊन झोपली, त्या दिवशी मी पुढच्या पायरीचा विचार केला.

पहिली भेट सुमीला आपली न वाटणाऱ्या जागी व्हायला हवी. आमच्याकडे ती कोरड्या न्हाणीघरात झाली, कमोडचे झाकण बंद करून, धुळीचे भांडे मध्ये ठेवून, हाताशी जाड टॉवेल घेऊन. पाठलाग, अंगावर चढणे, किरकोळ कुरकुर हे सगळे चालू द्यावे, कारण मोठी कोण हे त्यांना ठरवायचेच असते. मात्र दात कटकटवणे, लोकरीचे पुंजके उडणे, धाकटी कोपऱ्यात अडकून किंचाळणे यांपैकी काहीही दिसले की टॉवेल मध्ये टाकून दोघींना लगेच वेगळे करावे, हात मात्र मध्ये घालू नये. घाबरलेली चिंचिला पकडीतून सुटण्यासाठी लोकरीचा पुंजका सोडून देते, म्हणजे पुंजका दिसला तर पकड झालेली आहे, हे समजावे. थंडीचा एक दोष इथे सांगायला हवा. आपल्या गोलार्धात माद्यांचा माजाचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे असतो आणि त्यात मधूनमधून येणाऱ्या माजाच्या काही दिवसांत शांत मादीही तिरसट होते. सुमीच्या बाबतीत असे दिवस आले तेव्हा भेटी थांबवल्या आणि ते दिवस सरल्यावर पुन्हा सुरू केल्या.

काही जण दोन चिंचिलांना छोट्या वाहक डब्यात कोंबून गाडीतून फिरवतात. हादऱ्यांच्या भीतीने त्या एकमेकींना बिलगतात आणि जुळणी झाली असे समजले जाते. हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. भीतीने बिलगलेली मोठी मादी भीती ओसरल्यावर, मध्यरात्री, घर झोपलेले असताना त्याच पिल्लावर उलटू शकते.

सुमीने चिंगीच्या कानामागची लोकर दातांनी विंचरायला सुरुवात केली आणि चिंगीही डोळे मिटून बसून राहू लागली, तेव्हाच त्यांना एका पिंजऱ्यात आणले. तो पिंजरा पूर्ण धुऊन, फळ्यांची मांडणी बदलून, घरटी दोन, पाण्याच्या बाटल्या दोन आणि गवताच्या जागाही दोन ठेवल्या. घरट्यांना दोन-दोन दारे असावीत, म्हणजे कोणी आत अडकत नाही. वरच्या फळ्या काही काळ काढल्या, कारण पिल्लू उंचावरून पडते. खाण्याचा प्रश्न किचकट होता: वाढत्या चिंगीला कॅल्शियमसाठी थोडे अल्फाल्फा (लसूणघास) हवे, तर सुमीला तेच जास्त झाले तर त्रासदायक, म्हणून टिमोथी गवत दोघींना सदैव आणि अल्फाल्फा फक्त चिंगीला, बाहेर मांडीवर घेऊन. दोघींचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर नियमित करते. सुमीचे वजन उतरू लागले तर चिंगी तिला गवतापासून हटवत असण्याची शंका घ्यावी, आणि दातही तपासून घ्यावेत, कारण ते आयुष्यभर वाढत असतात.

दुसरा पिंजरा मी विकलेला नाही, आणि कोणी विकूही नये. जुळलेल्या जोडीतही आजारपणात किंवा भांडणात वेगळे ठेवण्याची वेळ येते. एकीला दवाखान्यात न्यायचे असेल तर मी दुसरीलाही बरोबर नेते, कारण एकटी जाऊन औषधांचा अनोळखी वास घेऊन परतलेली चिंचिला घरातल्या सोबतिणीला परकी वाटू शकते आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते.